पाठीचा मधला पट्टा

"घरात पाणी प्यायला एक पेला रिकामा सापडेल तर शपथ! हा उचलावा तर मेथ्या, तो उचलावा तर मेथ्या. आता मलाच भिजत घाला म्हणजे झालं."

सूनबाई हे कुणाला उद्देशून म्हणाली नव्हती. ती चुलीशी बोलत होती. पण घर दोन खोल्यांचं, मधे पत्रा, आणि पत्र्याच्या अलीकडे जमिनीवर टाकलेल्या जुन्या दारावर तिचा सासरा उताणा पडलेला. त्या घरात मनातल्या मनात बोललेलंही पलीकडे जायचं.

पेले तीनच होते. एकात आजच्या मेथ्या, दुसऱ्यात मोड यायला ठेवलेल्या उद्याच्या, तिसऱ्यात तीळ. बायकोनं फोनवर सांगितलं होतं तसंच, चमचा मोजून. गादीवर झोपायचं नाही, टणक जागेवर झोपायचं, हेही तिनंच सांगितलेलं. घरात टणक म्हणावं असं मागच्या बाजूचं उतरवून ठेवलेलं दारच होतं. मुलानं ते आत आणून टाकलं. तेव्हापासून कुणी "बाबा कुठंत" विचारलं, की सूनबाई म्हणायची, "दारावर पडलेत." नवखा माणूस दचकायचा.

मिठागरात त्याला सगळे ताठ्या म्हणत. तीस-बत्तीस वर्षं खाऱ्या पाण्यात उभं राहून त्यानं मीठ ओढलं. लांब दांड्याला आडवी फळी, ती वाफ्याच्या तळाशी टेकवायची आणि साकळलेलं मीठ बांधाकडे खेचत आणायचं. वाकूनच करायचं काम. पण फळी खाली ठेवली रे ठेवली, की हा सळईसारखा उभा. मुकादम शिव्या देत असला तरी मान आणि पाठ एका रेषेत. म्हणून ताठ्या.

त्याच ताठ्याची पाठ यंदा हंगामाच्या सुरुवातीलाच गेली. तिसऱ्या वाफ्यातलं शेवटचं ओढणं होतं. कमरेत कट्‌ असं काहीतरी वाजलं आणि तो वाकलेला तसाच राहिला. ना खाली बसता येई ना वर होता येई. शेवटी मुलानं आणि दोघातिघांनी उचलून त्याला मिठाच्या हातगाड्यावर घातला आणि गळासारखा वाकडा तसाच घरी आणला. वाटेत मुकादम भेटला.

"काय रे, आज माल घरी चाललाय होय?"

गाडा ढकलणारे हसले नाहीत. पण त्यांनी हसू दाबलेलं त्याला गाड्याच्या दांडीतून कळलं.

मिठागरात ज्याला त्याला पाठ आहे, त्यामुळे ज्याला त्याला औषध ठाऊक आहे. पहिल्या आठवड्यात सगळे सांगून गेले. एकानं एरंडेल सांगितलं, दुसऱ्यानं एरंडेल मुळीच नको म्हणून सांगितलं. वांगं सोड, बटाटा सोड, आंबट सोड, शिळं सोड. सगळं सोडल्यावर उरतं काय, असं सूनबाईनं विचारलं तेव्हा सांगणारा म्हणाला, "मऊ भात." दवाखान्यातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि विश्रांती सांगितली. गोळ्यांनी पोट बिघडलं. विश्रांती मात्र फुकट होती, ती चालू राहिली.

मग बायकोचा फोन आला.

बायको मुलीकडे शहरात होती. चौदा महिने झाले होते. गेली ती मुलीच्या बाळंतपणाला, दीड महिन्याच्या बोलीनं. बाळंतपण झालं. मग बाळाचं पोट दुखायचं. मग मुलीची रजा संपली. मग म्हणाली, पोरगं पावलं टाकायला लागलं की येते. पोरगं आता घरभर पळत होतं. शेजारीपाजारी विचारत, "कधी येतेय?" आणि घरातले तिघंही एकच उत्तर देत, "येईलच आता." मुलगा फळी खांद्यावर घेता घेता म्हणायचा, सूनबाई भांडं विसळता विसळता म्हणायची, आणि ताठ्या तर विचारायच्या आधीच म्हणायचा.

डोक्यावर पाटीखाली ठेवायची तिची चुंबळ अजून खिळ्याला होती. जुन्या लुगड्याची, मीठ पिऊन पिऊन लाकडासारखी घट्ट झालेली. मिठागरात ओढायचं काम पुरुषांचं, आणि ओढलेलं मीठ पाटीत भरून डोक्यावरनं राशीपर्यंत न्यायचं काम बायकांचं. ती गेल्यावर तिच्या पाट्या सूनबाईच्या डोक्यावर आल्या. पण सूनबाईनं खिळ्यावरच्या चुंबळीला हात लावला नाही. आपल्या जुन्या ओढणीची नवी वळून घेतली. का, ते कुणी विचारलं नाही.

आधी बायकोचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, तोही मुलाला. "बरे आहेत ना सगळे? ठेवते मग." पाठ गेली आणि फोन रोजचा झाला. बरोब्बर अकराला, बाळ झोपल्यावर. मुलगा-सून कामावर असत. जुना फोन ताठ्याच्या उशाशी ठेवलेला असे.

"पाठ कशी आहे?"

"आहे."

"आहे म्हणजे काय? उत्तर द्या नीट. मेथ्या खाल्ल्या?"

"खाल्ल्या."

"चावून, का गिळल्या?"

"चावून. कडू लागतात."

"लागणारच. हळदीचं दूध?"

"घेतलं."

"आणि जेवणात मीठ कमी करा. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात सूज असली की मीठ कमी."

त्यावर तो हसला होता. हसताना कमरेतून कळ गेली तरी हसला. "अगं, मी मिठात उभा असतो जन्मभर."

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली. फोनमधून पंख्याचा आवाज येत होता. तिच्याकडे पंखा होता.

बत्तीस वर्षांत ती त्याच्याशी इतकं बोलली नव्हती. बोलायचं काय होतं? पहाटे दोघं निघत, तो पाण्यात, ती बांधावर. संध्याकाळी घरी आलं की तो पालथा पडायचा आणि ती तेल घेऊन बसायची. लसूण तडतडवलेलं गरम तेल. मग तव्यावर तापवलेलं जाडं मीठ फडक्यात बांधून शेकायची, अंगठ्यानं मणक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली खाली येत. तेव्हाही बोलायची नाही. तिचे हात बोलत, असं काही त्याला तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा त्याला झोप यायची.

आता तेल होतं, मीठ होतं. हात नव्हता.

मेथ्या स्वतःच्या स्वतः खाता येतात, दूध पिता येतं. पण पाठ म्हणजे अशी जागा, की जिथं दुखतं तिथं आपला हात पोचत नाही. वरून खांद्यापर्यंत पोचतो, खालून कमरेपर्यंत पोचतो. मधला वीतभर पट्टा कोरडाच. सूनबाईला कसं सांगणार? मुलाला एकदा सांगितलं. मुलगा दिवसभर दुप्पट वाफे ओढून आलेला. त्यानं तेल घेतलं आणि वाफाच ओढतोय अशा हातांनी चोळायला लागला. तळहात कानशीसारखे. ताठ्यानं दात आवळून धरले. हळूहळू हात मंदावला आणि थांबला. मान वळवून बघितलं तर पोरगा बसल्या बसल्या झोपला होता, हात बापाच्या पाठीवर तसाच. त्या हाताला वजन होतं, ऊब होती. ताठ्या बराच वेळ हलला नाही. पण दुसऱ्या दिवशी म्हणाला, "राहू दे रे. माझं मी करतो."

त्यानं युक्ती काढली. मधल्या दाराच्या चौकटीला तेल लावायचं आणि म्हशीसारखं अंग घासायचं. चार दिवसांत चौकटीवर पाठीच्या उंचीवर काळाकुळकुळीत डाग पडला.

सूनबाईनं डागाकडे बघितलं, मग सासऱ्याकडे. "मामंजी, तुमच्याआधी चौकट बरी होईल."

"होऊ दे. कुणीतरी होऊ दे."

ती हसली. घरात त्या आठवड्यात हसलेलं तेवढंच.

फोनवर बायकोनं रोज विचारलं, "तेल लावताय ना?" त्यानं रोज सांगितलं, "लावतोय." कोण लावतं, ते तिनं विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

महिना गेला. रोज सकाळी बायकोनं सांगितल्याप्रमाणे तो तळ्यापर्यंत हळूहळू चालत जाई आणि परत येई. गुडघ्यांखाली उशी घेऊन दारावर पडे. मीठ तापवून फडक्यात बांधे, ते दारावर ठेवून त्यावर पाठ टेकवे. आंबट सोडलं, शिळं सोडलं, विडी सोडली. विडीचं तिनं सांगितलं नव्हतं. तेवढं त्यानं पदरचं घातलं.

आणि एका सकाळी मेथ्या चावताना एक दाणा खाली पडला. त्यानं तो उचलला, तोंडात टाकला. आणि चावता चावता त्याच्या लक्षात आलं, की आपण वाकलो होतो.

त्यानं पेला खाली ठेवला. कुणी बघत नव्हतं तरी इकडेतिकडे बघितलं, चोरी केल्यासारखं. पुन्हा वाकला. सावकाश, जमिनीला बोटं टेकेपर्यंत. थोडं ओढल्यासारखं झालं, कळ आली नाही. मेथ्यांनी झालं, तेलानं झालं, की चाळीस दिवस पाण्यात न उतरल्यानं, कुणास ठाऊक. तो सरळ झाला. पूर्वीसारखा, सळईसारखा. घरात कुणी नव्हतं म्हणून त्यानं आनंदाची टाळी वाजवली, एकच.

अकराला फोन वाजला.

"पाठ कशी आहे?"

त्यानं तोंड उघडलं. पंख्याचा आवाज येत होता. बाळ झोपेत कुरकुरलं, तिनं तोंडानं चुक्‌चुक्‌ केलं, थोपटलं. तो ऐकत राहिला.

"अहो, ऐकताय ना? पाठ?"

"आहे तशीच," तो म्हणाला.

"मग मेथ्या बंद करू नका हं."

"नाही."

तो दिवस, त्याच्यानंतरचा दिवस, असे तीन आठवडे गेले. मुलगा-सून पहाटे निघाले की ताठ्या ताठ व्हायचा आणि दिवेलागणीला ते आले की कमरेवर हात ठेवायचा. हात ठेवता ठेवता खरंच थोडं दुखल्यासारखं व्हायचं. मुलगा दोघांच्या वाट्याचे बाराच्या बारा वाफे एकटा ओढत होता. रात्री जेवताना त्याचा घास अर्ध्यात थांबे. सूनबाई उंबऱ्यावर बसून टाचांत मेण भरायची. मेणबत्ती पेटवायची, तिचा थेंब भेगेत पाडायचा, श्वास आत ओढायचा. पुढचा थेंब. सासूही असंच करायची. याच उंबऱ्यावर, दिवा बाजूला ठेवून. ताठ्यानं बत्तीस वर्षं ते बघितलं होतं, म्हणजे तिथं बसलेली ती बघितली होती. पाठीला दुसऱ्याचा हात लागतो. पायाला आपला पुरतो. मग कोण कशाला विचारतंय?

एकदाच, मुलीनं भावाच्या फोनवर चेहरा दिसणारा फोन लावला होता. बाळ दाखवायला. बाळानं फोन ओढला, चित्र गरगर फिरलं, आणि क्षणभर फरशी दिसली आणि फरशीवर दोन पाय. स्वच्छ, गुबगुबीत, टाचा गुळगुळीत. कुणाचे पाय, हे ताठ्याला कळायला वेळ लागला. बोटातली जोडवी ओळखू आली. मग पुन्हा बाळाचा चेहरा आला आणि सगळे बाळाला हाका मारायला लागले. त्याविषयी तो कुणाशी बोलला नाही. मुलानंही ते बघितलं होतं, सूनबाईनंही.

आभाळ आलं ते अवेळी. सकाळी दहाच्या सुमाराला खाडीकडून काळं भरून आलं. ओढून ठेवलेलं मीठ बांधावर उघडं, पंधरा दिवसांचं. एक सर आली की सगळं पुन्हा पाणी. ताठ्या दारात उभा राहून बघत होता. तेवढ्यात सूनबाई धावत आली. घामानं आणि खारानं अंग पांढरं.

"मामंजी, ताडपत्री! माळ्यावर आहे ना? स्टूल कुठंय?"

स्टूल शेजारी गेलं होतं. ती इकडेतिकडे शोधायला लागली. आणि ताठ्यानं, काही विचार न करता, टाचा उचलल्या, दोन्ही हात वर नेले आणि ताडपत्रीची ती जडशीळ गुंडाळी माळ्यावरून ओढून छातीवर घेतली.

सूनबाई बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी काही आलं नाही. मग तिनं गुंडाळी त्याच्या हातातून घेतली.

"बरं," ती म्हणाली. एवढंच. आणि गेली.

ताठ्या मागे उरला. खिळ्यावर चुंबळ होती. त्यानं ती काढली. खिळ्याखाली, जिथं ती असायची, तिथं भिंत बाकीच्यापेक्षा स्वच्छ होती.

मिठागरात आरडाओरडा चाललेला. मुलगा वाफ्यात होता. त्यानं बापाला बघितलं.

"बाबा, तुम्ही कशाला आलात? वाकू नका हां!"

"वाकत नाही," ताठ्या म्हणाला. आणि त्यानं चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटी पुढे केली. "भर."

पाट्या भरणारी म्हातारी थांबली. "ताठ्या, लुगडं घरी विसरलास होय रे?"

बायका हसल्या. लांबच्या वाफ्यातले पुरुषही हसले.

"उशीर होईल म्हणून तसाच आलो," तो म्हणाला. "भर, म्हातारे."

त्याला वाटलं होतं, ताठ चालायचं तर आहे. पाठीला त्यात काय? आणि पाठीला खरंच काही झालं नाही. पायांना झालं. ओढणाऱ्याचे पाय पाण्यात असतात, पाण्यातलं मीठ विरघळलेलं, मऊ. बांधावर वर्षानुवर्षं सांडलेल्या मिठाचा कडक थर होता, फुटक्या काचेसारखा. दोनशे पावलं जायचं, राशीवर चढायचं, पाटी उलटी करायची, दोनशे पावलं यायचं. चौथ्या खेपेला तळवे चिरले. पाचव्या खेपेला चिरांत मीठ गेलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हात वर पाटीला, पुसता येईना.

राशीवर चढताना पुढे सूनबाई. तिच्या टाचा त्याच्या डोळ्यांसमोर. बावीस वर्षांची पोर, आणि टाचा वाळल्या तळ्यासारख्या फाटलेल्या. काल भरलेलं मेण भेगांतून सोलून निघालं होतं, लोंबत होतं. ती पाऊल टेकवताना एकदाही थबकली नाही.

त्यानं खेपा मोजल्या नाहीत. सगळं मीठ राशीवर गेलं, वर ताडपत्री आली, चारी बाजूंनी दगड आले. सगळे आभाळाकडे बघत उभे राहिले. आभाळ डोक्यावरून गेलं, डोंगरापलीकडे गेलं. एक थेंब पडला नाही. मुकादम म्हणाला, "चला, चहा घ्या," आणि आपल्या खोलीत गेला.

घरी येताना तिघं एकामागे एक चालत होते. मुलगा पुढे निघून गेल्यावर सूनबाई मान न वळवता म्हणाली, "कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

बरीच पावलं गेल्यावर ती म्हणाली, "ह्यांच्या हाताची सालं निघालीत."

"बघितलं मी."

"बघितलंत," ती म्हणाली.

घरी फोन सहा वेळा वाजून गेला होता. ताठ्यानं पाय कोमट पाण्यात घातले. सूनबाई उंबऱ्यावर मेणबत्ती घेऊन बसली. मुलगा चौकटीला टेकून उभा, बापाच्या पाठीच्या डागाला पाठ लावून. फोन सातव्यांदा वाजला. ताठ्याच्या हातांना मीठ होतं, म्हणून मुलानं बटण दाबून फोन मधे जमिनीवर ठेवला. तिचा आवाज खोलीभर झाला.

"कुठं होता? जीव टांगणीला लागला माझा. सहा वेळा लावला. पाठ कशी आहे?"

सूनबाईनं मेणबत्ती सरळ धरली. मुलगा जमिनीकडे बघत होता.

"बरी आहे," ताठ्या म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे बरी झाली. तीन आठवडे झाले. आज पाट्या वाहिल्या."

"पाट्या? तुम्ही?"

"तुझी चुंबळ घेतली."

पलीकडे पंखा फिरत होता.

"मग... मग मेथ्या बंद केल्यात?" तिनं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"खातोय अजून." त्यानं पाण्यातला एक पाय वर काढला आणि बघितला. पाणी किंचित लाल झालं होतं. बत्तीस वर्षांत त्यानं तिला जे विचारलं नव्हतं, ते विचारताना त्याला शब्द जुळवावे लागले. "अगं... तुझे पाय कसे आहेत?"

पलीकडे बाळाचं काहीतरी खाली पडलं, गडगडत गेलं. मुलीचा आवाज आला, "आई, कोण आहे?" तिनं तिकडे उत्तर दिलं नाही.

"भरले," ती म्हणाली. "सगळ्या भेगा भरल्या. पहिल्या तीन महिन्यांतच." मग तिचा श्वास ऐकू आला, सूनबाई मेणाचा थेंब पडताना घ्यायची तसा. "मला आता तिकडे नाही हो यायचं."